हातोडाभाऊ आणि मुकी तिजोरी

हातोडाभाऊ कोणताही हुकूम ऐकण्याआधी 'नाई' म्हणून टाकायचे आणि मग हुकूम काय आहे ते विचारायचे. बहुतेक वेळा उत्तर बदलावं लागत नसे.

चांद्याच्या जंगलातल्या आमच्या लाकूड डेपोत ते शिक्का मारायचे. ओंडक्यावर त्यांच्या हातोडीचा ठसा उमटल्याशिवाय सागाची काडी हलत नसे. त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडाही नाही; पण ठसा बोटांनी चाचपून हातोडी कोणती ते सांगत. "आकडे तुमचे, खुना माह्या," म्हणत.

हातोड्या राहत आकड्यांच्या कुलपाच्या विलायती तिजोरीत. एकदा साहेबांनी नंबर बदलायचा हुकूम सोडला. चार कारकुनांत सगळ्यात नवा मी. मी तो हुकूम ऐटीत झेलला. नंबर बदलला, दार लावलं, आणि तिजोरी मुकी झाली. आकडे पाठ, पण दार हलेना. बाहेर गाड्यांची रांग. माझी नोकरी अजून कच्ची होती. नाव निघालं की घरचा रस्ता.

साहेबांनी घणासकट लोहार बोलावला. हातोडाभाऊ तिजोरीला पाठ लावून बसले.

"घन आधी माह्या डोस्क्यावर पडन, मंग इच्यावर."

लोहार शहाणा. त्यानं तंबाखू मळायला घेतला. जेवून येतो, तोवर उघडली नाही तर दोघांनाही फोडतो, असं बजावून साहेब बंगल्यावर गेले.

भाऊंनी मला समोर बसवलं. मी आकडे सांगू लागलो, तर म्हणाले, "आकडे नोको सांगू बाबू. हात दाखव."

कुलपाच्या आकड्यांच्या चकतीच्या कडेला दोन रेघा होत्या. मधली उघडायची, डावीकडची नंबर बदलायची. माझं बोट सरळ मधलीवर गेलं.

"बदलवतानाबी इथीच आनले होते आकडे?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग आता त्या दुसरीखाली आन. उलटं बसवलं तं उलटंच उघडन."

उघडलं. साहेब परतले तेव्हा अर्ध्या गाड्या शिक्का घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, नंबर कोणी बदलला?

"म्या," भाऊ म्हणाले.

"तुम्हाला आकडा ओळखता येतो का?"

"म्हनूनच तं बिघडला."

साहेबांनी कबुलीजबाब लिहून घेतला. लिहायला नेमकं मलाच बसवलं. 'नंबर मी बदलला' असं मी वळणदार अक्षरात लिहिलं, खाली भाऊंनी अंगठा उठवला. आठवड्यात त्यांची बदली सिरोंच्याला झाली.

मोटारीच्या टपावर त्यांची पेटी चढवताना मी म्हणालो, मी अजूनही साहेबांना खरं सांगतो.

"काऊन? सरकारी कागदाले खोटं पाडून राह्यला? त्यावर माहा अंगठा हाय."