कांजूरमार्गची बातमी

मुंबई मला आधी नाकाने कळली. मेहकरहून संध्याकाळी निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी मुलुंडच्या नाक्याजवळ आली आणि बसमधल्या लोकांनी झोपेतच रुमाल, ओढण्या, जे हाताला लागेल ते तोंडावर ओढलं. शेजारच्या काकूंना विचारलं, "काय मेलंय हो?" त्या म्हणाल्या, "मेलं काही नाही गं, डंपिंग आहे." (शहराचा कचरा टाकायची जागा, तिकडे तिला नुसतं डंपिंग म्हणतात.) "होते सवय," असं म्हणून त्या बॅगा उतरवायला लागल्या.

मी काही हवापालटाला गेले नव्हते, हे मेहकरकरांना ठाऊक आहेच. स्टँडवर पेढे भरवायला अर्धी गल्ली आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विकसनशील देशांतल्या तरुण पत्रकारांना युरोपातल्या एखाद्या वर्तमानपत्रात काही महिने काम करायला नेणारी एक फेलोशिप असते. तिची शेवटची फेरी यंदा अंधेरीत होती, आणि वयाच्या अटीप्रमाणे माझं हे शेवटचं वर्ष. तालुक्याच्या बातमीदाराचं नाव आमच्याकडे बातमीवर येत नाही, वर फक्त 'वार्ताहर' असतं. दुष्काळाची बातमी वार्ताहरची, अपघाताची वार्ताहरची, सरपंचाच्या सत्काराचीही वार्ताहरचीच. एकदा तरी माझ्या नावाने काही छापून यावं म्हणून हा सगळा खटाटोप होता.

मुलुंडला मावसबहीण रेखाकडे उतरले. माझा ड्रेस बघून ती म्हणाली, "हे घालून जाणार तू? वाट लागली!" तिचा कुर्ता अंगावर चढवून निघाले. स्टेशनबाहेरच्या गाडीवर आलूबोंडा मागितला, तर गाडीवाला म्हणाला, "वडा बोला ना ताई." वर कढी ओतून मिळत नाही हे कळल्यावर मी आणखीच खट्टू झाले. कोरडा वडा उभ्याउभ्या खाल्ला आणि घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी गाठली.

फेरी एका हॉटेलात होती, तिथे एसीची एवढी थंडी की बोटं आखडली. फेलोशिपच्या बाईंनी नियम सांगितले. दोघादोघांची जोडी, एक बाहेरचा, एक इथला. दिवसभर उपनगरात फिरायचं, पण बातमी प्रत्येकाने आपापली लिहायची. माझ्या वाट्याला केनियाचा डॅनियल आला. उंच, हळू बोलणारा. तोही लहानशा गावातल्या पेपरातला, घाबरलेला. त्याला ना मराठी येत होती ना हिंदी. म्हणाला, "मी इथे आंधळाच आहे, तुझ्या मागे चालतो." मी त्याला सकाळच्या वासाबद्दल सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ते डंपिंग आहे तिथे, कांजूरमार्गला गेलो.

आभाळ भरलेलं होतं, पाऊस मात्र पडत नव्हता. अशा हवेत वास खाली बसतो म्हणतात. इमारतींच्या सगळ्या खिडक्या बंद. वस्तीतल्या विहाराच्या पायरीवर एक बाई चपलेचा बंद शिवत बसल्या होत्या. मी "जय भीम" म्हटलं.

"जय भीम. कुठली गं तू? बोलणं इकडचं नाही तुझं."

"मेहकरची."

"अगं माय! मी लोणारची!" त्यांनी चप्पल तशीच पायात अडकवली आणि माझा हात धरला. "चल घरी. त्या पाहुण्यालाही घे."

त्या कमलमावशी. मुलुंडच्या एका दवाखान्यात आया म्हणून काम करतात. मालक (नवरा) नाहीत, लेक प्रणाली एका दुकानात हिशेब लिहिते. खोली लखलखीत, दाराला ओला टॉवेल बांधलेला.

आमच्यात पाहुण्याला आधी वाढतात. मीही तेच केलं. डॅनियलला म्हटलं, तू विचार, मी सांगते. त्याने बरंच विचारलं, वास कधी येतो, खोकला कुणाला आहे, तक्रार केली का. मावशी सांगत गेल्या, मी इंग्रजी करत गेले. सगळं पेपरात वाचल्यासारखंच होतं.

मग त्या चहा टाकायला उठल्या आणि मला आत घेऊन गेल्या. पातेल्यात साखर घालताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू का? प्रणालीला बघायला बोरिवलीचे लोक आले होते. चांगलं स्थळ. पोरीनं चहा दिला. एकानंही कपाला तोंड लावलं नाही गं. नाकाला रुमाल लावून बसले, आणि गेले. पोरीनं ते भरलेले कप मोरीत ओतले, आणि तेव्हापासून ती कुणालाच घरी येऊ देत नाही."

मी कप पुढे केले.

"हे तू लिही," त्या म्हणाल्या. "तू आपल्याकडची आहेस, नीट लिहिशील. छापून आलं की फोन करशील ना?"

"करते, मावशी." मी त्यांचा नंबर घेतला.

त्यांची ड्युटीची वेळ झाली, आम्ही निघालो. रिक्षात डॅनियल हिरमुसून बसला होता. "माझ्याकडे काहीच नाही," म्हणाला. मला त्याची दया आली. एवढ्या लांबून आलेला पाहुणा, रिकाम्या हाताने कसा जाईल? मी चहाची गोष्ट त्याला सांगून टाकली. वर मोठेपणाने म्हटलं, "तूच लिही ही, मी दुसरं बघते." तो दोनदा "नक्की ना?" म्हणाला. मी दोनदा "हो" म्हणाले. असली अवदसा आठवली मला!

मग मी एकटी आरे कॉलनीत गेले. बसच्या वेळा, रस्ते, गोठे यांबद्दल दिसेल त्याला विचारत फिरले. कुणाला वेळ नव्हता. जे जमलं ते लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी अंधेरीत सगळ्यांच्या बातम्या वाचून झाल्या. परीक्षक बाई मला म्हणाल्या, "माहिती बरोबर आहे, पण यात माणूस कुठे आहे?" डॅनियलला विचारलं, "इतकं आतलं त्यांनी तुला सांगितलं कसं?" त्याने प्रामाणिकपणे माझ्याकडे बोट केलं. "हिने मदत केली." सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी हसले. दुसरं काय करणार?

यादीत तो होता, मी नव्हते. बाहेर त्याने माझे दोन्ही हात धरले, डोळे भरून आले होते त्याचे. रागवावं तर कुणावर? रेखाने मात्र ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "येडी आहेस का गं? स्वतःची बातमी कुणी अशी देतं?" मी म्हटलं, पुढच्या वेळी नाही देणार. पुढची वेळ नाही हे दोघींनाही माहीत होतं.

मेहकरला उतरले तेव्हा स्टँडवर कुणी नव्हतं. बरंच झालं. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी तरी नुसती दमून आले. काही दिवसांनी डॅनियलची बातमी त्याच्या केनियातल्या पेपरात छापून आली. त्याने ती मला लगेच पाठवली. छान लिहिली होती, खोटं कशाला बोलू. मी कमलमावशींना फोन लावला.

"आलं का गं? वाच, वाच!"

इंग्रजीवरून मराठी करत मी वाचत गेले. बोरिवलीचे पाहुणे, भरलेले कप, मोरी.

"तुझं नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

"माझं नाही, मावशी. त्या पाहुण्यानं लिहिलंय."

"त्याला कुणी सांगितलं चहाचं? तो तर बाहेर बसला होता."

"मी सांगितलं, मावशी."

"मी तुला सांगितलं होतं गं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, त्यांचा आवाज फक्त बारीक झाला. "आपली पोरगी म्हणून. परक्या माणसापुढं मी माझ्या पोरीचं असं बोलले असते का?"

"मावशी, चुकलं माझं."

"प्रणालीला कळू देऊ नको," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फेलोशिप गेली तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी दार लावून खूप रडले, आणि आईला सांगितलं की परदेश हुकला म्हणून रडतेय.