साडेपाचची पहिली शिटी

जिंकणाऱ्या टीमचं बरं असतं. कप मिळतो, फोटो निघतो, विषय संपतो. हरणाऱ्या टीमजवळ दाखवायला काहीच नसतं, म्हणून तिला सांगत बसावं लागतं! आमच्या बालाघाटच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे किस्से असेच साचत गेले. कुणाच्या लग्नात भेटलो की दोन, कुणाच्या तेरवीला भेटलो की चार. परवा बायको वैतागून म्हणाली, "तुमी एखादी मॅच जितले असते ना, त मले जनमभर हे आयकाव लागलं नसतं!"

खरं आहे तिचं. तेवढी एक मॅच जिंकायला हवी होती.

गोष्ट सदुसष्ट-अडुसष्टच्या आसपासची. मी राइट बॅक खेळायचो. गोलमध्ये देवाजी मेश्राम, कटंगीचा, हात एवढे लांब की बसल्या जागेवरून शेजारच्या बाकावरची वही उचलायचा. पुढे मुन्ना तिवारी, गावातलाच, पायांपेक्षा तोंडाने जास्त खेळणारा. डाव्या बाजूला बिरसा गावचा धुर्वे, जंगलातून आलेला, बोलायला मोजका आणि पळायला सगळ्यांच्या पुढे. आणि आमचे भोयर सर. पी.टी. शिकवायचे, रागावायचे फार कमी. त्यांची एकच इच्छा होती: रिटायर व्हायच्या आधी कॉलेजांच्या टूर्नामेंटमधली एक मॅच जिंकायची. कप नको, फायनल नको, पहिल्या राउंडची एक मॅच फक्त!

* * *

आमचं हरणंसुद्धा विचित्र होतं. पाच-शून्य, सहा-शून्य असं कधीच नाही. एका गोलने! दरवेळी एकाच गोलने, आणि तोही शेवटच्या दहा मिनिटांत. तोवर समोरच्या टीमला घाम फोडायचो हो आम्ही!

प्रिन्सिपल साहेब जबलपूरकडचे. खेळाचा खर्च बंद करायचं त्यांच्या मनात होतं, पण एका गोलने हरणाऱ्या टीमला बंद कसं करणार? लोक म्हणणार, पुढच्या वेळी जिंकले असते. शेवटी एकदा त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "भोयर जी, एक बार आठ गोल से हार जाइए ना! हम भी छूटें, आप भी छूटें!"

सर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "आठ गोल त आपल्याच्यानं खाणं नाही होत बापा." आणि हवेचा पंप घेऊन बॉल फुगवायला बसले.

* * *

त्या दहा मिनिटांचं कारण आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमची अर्धी टीम वारासिवनी आणि कटंगीची. रोज छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने यायची-जायची. संध्याकाळची गाडी पावणेसहाला सुटायची. ती चुकली की मग थेट सकाळचीच. त्या गाडीचा ड्रायव्हर मोठा दिलदार माणूस. बाजारहाट करणाऱ्यांची गाडी चुकू नये म्हणून तो बरोबर साडेपाचला एक लांबलचक शिटी द्यायचा. नियमात नव्हती ती, त्याच्या मर्जीची होती. सगळं गाव तिला पहिली शिटी म्हणायचं. ती वाजली की बाया पिशव्या उचलायच्या, चहावाले ग्लास विसळायचे, आणि आमच्या टीमचे सहा जण खेळता खेळता स्टेशनाकडं पाहायचे!

ग्राउंड स्टेशनाच्या पाठीमागेच होतं. सत्तर मिनिटांची मॅच चारला सुरू झाली तर सव्वापाचला संपणार. पण आमच्याकडं चारची मॅच चारला कधी सुरू झाली आहे का? साडेचार व्हायचेच. मग साडेपाचला शिटी, माना स्टेशनाकडं, आणि बॉल आमच्या गोलमध्ये.

मुन्ना म्हणायचा, "यार, मॅच आहे सत्तर मिनिटांची, आपली टीम आहे साठची!"

सगळ्यात वाईट हाल देवाजीचे. त्याचे वडील शाळामास्तर, फार कडक. पोराने शिकावं, बाकी कशाकडं पाहू नये, हा त्यांचा एकच धोसरा. देवाजीने घरी सांगितलं होतं की कॉलेज सुटल्यावर तो लायब्ररीत बसतो. गुरुजी रोज गाडीच्या वेळेला कटंगीच्या स्टेशनावर त्याला घ्यायला उभे! त्यामुळे देवाजीची चप्पल गोलपोस्टच्या मागे ठेवलेली असायची, आणि तिचं तोंड स्टेशनाकडं असायचं.

* * *

एका वर्षी सरांनी ठरवलं, मॅच तीनलाच ठेवायची. काय बिशाद आहे उशीर व्हायची!

आम्ही पावणेतीनला ओळीत उभे. समोरची टीमही उभी. उद्घाटनाला एक मोठे साहेब यायचे होते. ते आले चारला. आल्यावर हार झाले, मग साहेबांनी माईक धरला, आणि विषय कोणता घेतला असेल? वेळेचं महत्त्व! विद्यार्थ्याने वेळ कशी पाळावी, यावर बरोबर पंचवीस मिनिटं बोलले. सर मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, घड्याळाकडं पाहत.

साडेपाचला शिटी वाजली. आम्ही एका गोलने हरलो.

जाताना साहेब सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "थोडा टायमिंग में मार खा गए लड़के!"

* * *

धुर्वेचा किस्सा सांगताना मला अजूनही हसू येतं, आणि मग येत नाही.

धुर्वे अनवाणी खेळायचा. लहानपणापासून तसाच. अनवाणी पायाने तो बॉल असा काही न्यायचा की पाहत राहावं! पण टूर्नामेंटचा नियम निघाला, बूट पाहिजेत. सरांनी स्वतःचे जुने बूट आणले, रात्री बसून पॉलिश केले, पुढे कापूस कोंबला, आणि धुर्वेच्या पायात घातले.

मॅच शून्य-शून्य. धुर्वे सगळ्यांना चुकवून पुढे गेला. समोर मोकळा गोल! गोलकीपर पडलेला! धुर्वेने पाय असा जोरात मारला की बूट सुटला, हवेतून गेला आणि जाळीत अडकला. बॉल जागच्या जागी!

रेफरीने शिटी तोंडातून काढली आणि गंभीरपणे म्हणाला, "जूता गोल में है, गेंद नहीं।"

सगळं ग्राउंड हसलं. आम्हीसुद्धा हसलो, लाज वाटते सांगायला. पुढच्या दहा मिनिटांत गोल खाल्ला. धुर्वे नंतर एका पायात बूट घालून सरांजवळ आला. "सर, जूते में पैर अंधा हो जाता है।"

सर म्हणाले, "चूक माझी आहे बेटा. कापूस कमी पडला." पुढच्या वर्षी धुर्वे कॉलेजात आला नाही. ते बूट मात्र तो धुऊन, कापसासकट परत करून गेला होता.

* * *

आता जरा जेवणाचं. मंडल्याची टीम आली होती. सरांचं म्हणणं, पाहुणा आपल्या दारात आला की आधी जेवला पाहिजे, मग हरला पाहिजे. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, वासाच्या चिन्नोर तांदळाचा भात आणि गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, खीर केली. मंडल्याची पोरं हुशार. मॅच आहे म्हणून दोन-दोन घास खाऊन उठली.

उरलेल्या खिरीचं काय करायचं? काकू दारात उभ्या. "एवढी मेहनत केली, टाकून देता काय रे?"

काकूंना नाही कोण म्हणणार! अकरा जणांनी गंज साफ केला. त्यातही मुन्नाने चार वाट्या. हाफटाइमला सर ओरडले, "मुन्ना, पळून काहून नाही राह्यला तू?"

मुन्ना पोट धरून म्हणाला, "सर, मी उभा आहे, पण खीर पळून राह्यली!"

किती गोलने हरलो ते सांगायला नकोच.

* * *

आता शेवटचा. हा मी लग्नातही सांगत नाही आणि तेरवीलाही नाही. देवाजी समोर असला तर मुळीच नाही.

सरांचं ते शेवटचं वर्ष. मार्चमध्ये रिटायर होणार होते. पहिल्या राउंडची मॅच आमच्याच ग्राउंडवर, छिंदवाड्याच्या टीमशी. सर या वेळी एकही गोष्ट नशिबावर सोडायला तयार नव्हते. काकूंना सांगितलं, खीर मॅच झाल्यावर. बाहेरगावच्या पोरांचं जेवण-झोपणं सरांच्या घरी, म्हणजे कुणाला गाडीची घाई नाही. आणि एका रविवारी मला सोबत घेऊन सर स्वतः कटंगीला गेले, देवाजीच्या वडिलांना भेटायला.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. "म्हणजे पोरगं लायब्ररीत बसत नाही?"

"नाही गुरुजी," सर म्हणाले. "गोलात उभा राह्यते. पण उभा चांगला राह्यते."

गुरुजींनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "तुमी जितता काय मंग?"

"आतापावेतो नाही."

गुरुजींना हसू आलं बहुतेक. "राहू द्या एक दिवस त्याले. पण परीक्षेत नापास झाला त तुमच्या घरीच ठेवा!"

परत येताना सर गाडीत एवढे खुश होते की मलाही चेव आला. मी म्हणालो, "सर, सगळं झालं. पण शिटीचं काय? गाडीत बसायचं नसलं तरी कान त सवयीचे आहेत. वाजली की मान वळतेच."

सर माझ्याकडं पाहतच राहिले. "सुधाकर, हे माह्या ध्यानातच नाही आलं रे!"

मी म्हणालो, "मंग त्या ड्रायव्हरलेच सांगू. एक दिवस नको वाजवू म्हणावं."

आयडिया माझी होती. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

मॅचच्या दिवशी सकाळी सर आणि मी स्टेशनावर गेलो. सरांनी आयुष्यात कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी इंजिनाखाली उभं राहून जोडले. ड्रायव्हर वरून खालीच उतरला. "अहो मास्तर, काय करता! सुटायची शिटी नियमाची आहे, ते त द्याच लागते. पण साडेपाचची माह्या मर्जीची आहे. नाही वाजवत आज. शब्द देतो!"

"कोणाले सांगू नको हं सुधाकर," सर मला म्हणाले. "पोरायच्या डोक्यात शिटीचं नावच नको."

मॅच साडेचारला सुरू झाली. पण त्या दिवशी आम्ही काय खेळलो! त्यांनी एक मारला, मुन्नाने बडबड न करता एक फेडला. एक-एक. देवाजीने तर दोन बॉल असे काढले की छिंदवाड्याच्या पोरांनी डोक्याला हात लावले. सर लाईनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. गुरुजी दुपारच्या गाडीने येऊन गुपचूप एका झाडाखाली उभे होते. देवाजीला दिसू नये म्हणून छत्री आडवी धरलेली.

साडेपाच झाले. मला माहीत होतं, म्हणून मी घड्याळ बघितलं. शिटी नाही! पाच-एकतीस, पाच-बत्तीस, शिटी नाही! मनात म्हटलं, जिंकलो रे बाप्पा, आज जिंकलो! त्यांच्या फॉरवर्डने दुरूनच एक मरतुकडा बॉल मारला. हातात घेऊन घरी न्यावा असा. मी सोडून दिला, मागे देवाजी आहे म्हणून.

मागे वळलो तर देवाजी पाठमोरा. स्टेशनाकडं पाहत उभा. बॉल त्याच्या पायाजवळून हळूहळू आत गेला.

दोन-एक. पुढची दहा-बारा मिनिटं आम्ही फार धावलो. काही झालं नाही.

मॅच संपली. देवाजी गोलमध्येच बसून राहिला होता. सर त्याच्याजवळ गेले, खाली बसले. मीही गेलो. सरांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "देवाजी, आज त गाडीत बसायचंच नव्हतं ना रे. मंग पलटून काहून पाह्यलं?"

देवाजी रडत म्हणाला, "सर, पहिली शिटी वाजलीच नाही. रोज वाजते. मले वाटलं, गाडीले काही झालं काय?"

तेवढ्यात सुटायची शिटी वाजली. ग्राउंडवरच्या सगळ्यांनी सवयीने स्टेशनाकडं माना वळवल्या.

सर माझ्याकडं पाहत होते.