केळी नसलेल्या गावाचं पत्रक

जग बदलायला निघालेली माणसं स्वतःच्या पत्रकातला स्वल्पविराम बदलायला तयार नसतात. हा टोमणा मी बाहेर उभी राहून मारत नाही. धुळ्याला आमच्या संघटनेची पत्रकं चार वर्षं मीच लिहीत होते. लिहीत होते म्हणणंही खोटंच. पहिलं एक लिहिलं, मग नुसती गावं बदलत राहिले.

त्याची सोय छापखान्यातच होती. तेव्हा शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून मजकूर उभा करत. छपाई झाली की दोरा सोडून खिळे परत आपापल्या खणांत टाकायचे, त्याला मॅटर सोडणं म्हणत. आमचं मॅटर कधी सुटलंच नाही. सुतळीनं करकचून बांधलेला तो शिशाचा ठोकळा टेबलाखालच्या फळीवर पडलेला असायचा. तिथले म्हातारे खिळे जुळारी, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, मला दारात बघूनच विचारायचे, "नाव सांगा गावाचं." मी नाव सांगायची, वार सांगायची. नाना दोन ठिकाणचे खिळे उपसून दुसरे बसवायचे. "लग्नपत्रिका आणि तुमची क्रांती," ते म्हणायचे, "दोन्हीला मेहनत सारखीच. नवरा-नवरी बदलली की झालं."

मी हसायची. मला वाटायचं, किती वेळ वाचतो! वाचलेल्या वेळात मी काय करत होते, तर आमच्या प्रमुखांची भाषणं ऐकत होते. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊंचं भाषण आमच्या पत्रकाचं थोरलं भावंड होतं. 'हजारो वर्षांच्या शृंखला' आल्या की चष्मा काढायचे, पुसायचे आणि विचारायचे, "झोपलात का?" शिरपूरला चष्मा, साक्रीला चष्मा, पार जळगावलाही तोच चष्मा. माणसं पहिल्या वेळी दचकली, दुसऱ्या वेळी हसली, पुढे खरंच झोपू लागली. भाऊंना त्याचा पत्ता नव्हता, कारण चष्मा नेमका त्याच वेळी हातात असायचा.

एका वर्षी रावेरकडे केळीच्या बागांत राबणाऱ्या बायांच्या मजुरीचं काम निघालं. मॅटरमध्ये मी केळीचा एक परिच्छेद घातला, तळाला तिथल्या गावाचं नाव जोडलं, आणि तो परिच्छेद मला फार आवडला. त्यानंतरचं गाव धुळ्याच्या कोरड्या बाजूचं होतं. बाजरी, भुईमूग, थोडी कपाशी. तिथल्या बौद्धवस्तीतल्या मजूर बायांची तक्रार अगदी साधी होती. रेशनचं दुकान दहाला उघडायचं आणि पाचला बंद व्हायचं. बाया सातला वावरात जायच्या, साडेसहाला परतायच्या. धान्य हवं तर दिवसाचा रोज बुडवा, आणि रोज बुडवून गेलं की रॉकेल संपलेलं. त्यांना दुकान संध्याकाळी उघडं हवं होतं. बस्स, एवढंच.

हे त्यांनी मला विहाराच्या ओट्यावर बसून तासभर सांगितलं. मी वहीत काय लिहिलं? 'रेशनचा प्रश्न.' वही मिटली आणि धुळ्याची एसटी धरली. बाकीचं सगळं सुतळीत बांधलेलं होतंच की!

आमच्या अर्जावरून तालुक्याचे पुरवठा निरीक्षक गावात चौकशीला आले. वस्तीतल्या बाया त्या दिवशी रोज बुडवून दुकानासमोर बसल्या होत्या. भाऊ नव्हते, मीच होते. पत्रकं सकाळीच आली होती आणि एक मी मोठ्या ऐटीत निरीक्षकांच्या फाईलमधल्या अर्जाला जोडलं होतं. निरीक्षकांनी ते उलटून दुकानदाराकडे सरकवलं. "हे बघा, काय म्हणतात तुमच्याबद्दल."

दुकानदारानं खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "केळीच्या बागांत घाम गाळणाऱ्या भगिनींनो!" मग वर बघून म्हणाला, "साहेब, आमच्या गावात केळी येते ती आजाऱ्याला बघायला जाताना पिशवीतून. बाग कुठली?"

माणसं हसली. त्यानं पत्रकाचा तळ वाचला. 'समस्त मजूर भगिनी' याच्यापुढे रावेर तालुक्यातल्या त्या गावाचं नाव तसंच होतं. वरचं नाव नानांनी बदललं होतं, खालचं मी सांगायचंच विसरले होते. "म्हणजे तक्रार तिकडची आहे, साहेब. यांचा पत्ता चुकलाय."

निरीक्षकांनी फाईल मिटली. "अर्ज नीट करून आणा, बाई. आणि आपण कोणत्या गावात आहोत ते आधी ठरवा." जीप गेली. दुकानदारानं सगळ्यांच्या देखत फळ्या लावल्या. एक वाजला होता.

बाया उठल्या नाहीत. त्यांच्यातली एक पन्नाशीपुढची होती, वस्ती तिला अक्का म्हणायची. त्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात ती नुकती वाचायला शिकली होती. तिनं पत्रक मांडीवर पसरलं, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर फोडत केळीपर्यंत आली. मग माझ्याकडे बघितलं.

"पोरी, आम्हना गावमा केळी कोठे शे?"

"चुकून राहिलं, अक्का."

"हाई कोनी लिखं?"

"मीच."

"तू लिखं, मंग तू वाचं कसं नही?"

चळवळीत कुणी पत्रक वाचतं का? आम्ही वाटतो. वाटलेले गठ्ठे मोजतो. अक्कानं दोन महिने पाटीवर बाराखडी घोटून आयुष्यात पहिल्यांदा छापील कागद वाचला होता, आणि त्यावर मी दुसऱ्याच्या गावच्या केळी लिहिल्या होत्या. या बायांचा बुडालेला दिवस माझ्या सोयीनं खाल्ला होता. दुकानदारानं फक्त तोंड पुसलं.

धुळ्याला येऊन भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "किरकोळ चूक. आशय महत्त्वाचा."

"आशय कोणाचा, भाऊ?"

"ही भाषा पंधरा वर्षं चालतेय."

"चालत नाही, भाऊ. पडून आहे."

ते चष्मा पुसू लागले. मी निघाले.

परत त्या गावी गेले ती थेट वावरात. बाया भुईमूग उपटत होत्या. त्यांच्यासोबत उपटत बसले, आणि न्याहारीला बांध गाठला तेव्हा वही उघडली. म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. अक्काची अट होती, प्रत्येक वाक्य लिहून झालं की वाचून दाखवायचं. सवयीनं मी पहिल्याच ओळीत 'शोषण' घातलं.

"हाई काय ऱ्हास?" अक्कानं शब्दाचा अर्थ विचारला.

मी समजावून सांगू लागले. शेंगा सोलून संपल्या तरी माझं चालूच.

"इतलं लांब सांगनं पडस, ते लिखूच नको," ती म्हणाली, आणि बाया अशा हसल्या की शेजारच्या बांधावरचा माणूस उभा राहून बघू लागला.

नऊ वाक्यं झाली. सातला आम्ही कामाला जातो. दुकान दहाला उघडतं. पाचला बंद होतं. आम्ही साडेसहाला येतो. असंच शेवटपर्यंत. एकाही वाक्यात उद्गारचिन्ह नाही.

नानांना सांगितलं, जुनं मॅटर सोडा. ते माझ्याकडे बघतच राहिले. "चांगलं बांधलेलं आहे."

"म्हणूनच."

सुतळी शाईनं इतकी घट्ट चिकटली होती की पात्यानं कापावी लागली. 'शृंखला'चे खिळे झिजून पार सपाट झाले होते. "हे आता कशालाच चालायचे नाहीत," म्हणत नानांनी ते वितळवायच्या डब्यात टाकले. मी त्या डब्यात वाकून बघितलं. ती माझीच वाक्यं होती आणि बावीस वर्षांची असताना ती लिहून मी रात्रभर जागले होते. पण शिळ्या भाकरीवर आपण घाम गाळला होता म्हणून ती ताजी होत नाही.

भाऊंनी नवं पत्रक दोन बोटांत धरलं. "हे पत्रक नाही, एसटीचं वेळापत्रक आहे."

"वेळापत्रक बघून माणूस गाडी तरी पकडतो. आपलं वाचून कोण कुठे पोचलं?"

पत्रक दुकानाच्या फळीवर, चावडीवर आणि पिठाच्या गिरणीत लागलं. गंमत अशी की लोक थांबून वाचू लागले. ज्यांच्या वावरात बाया राबायच्या, ते शेतकरीही वाचू लागले, कारण प्रत्येक वाक्य त्यांना तपासून बघता येत होतं. दुकानदार तर त्यात केळी शोधत दोनदा उभा राहिलेला लोकांनी बघितला.

या खेपेला बायांनी रोज बुडवायला साफ नकार दिला. अर्जातच लिहिलं की साहेबांनी संध्याकाळी सातला यावं, आम्ही तेव्हाच भेटतो. निरीक्षक कुरकुरत आले. दुकान बंद होतं. दुकानदाराला घरून बोलवावं लागलं. साहेबांनी त्याला एकच विचारलं, "या वेळी तुम्ही बंद असता?" तो नाही कसं म्हणणार? बंद दारापुढेच तर उभा होता. आठवड्यातून दोन दिवस रात्री आठपर्यंत दुकान उघडं ठेवायचा हुकूम निघाला.

पुढच्या बैठकीत भाऊंनी जाहीर केलं, "यापुढे सर्व तालुक्यांत नऊ वाक्यांचं पत्रक." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, "पुढच्या गावाला चार लागतील, नाहीतर चाळीस. आधी जाऊन बसा तरी!" तेव्हापासून मी संघटनेत भांडखोर आहे. असू दे.

हुकमाच्या पहिल्या संध्याकाळी मी त्या गावी गेले. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला गेले होते. बाया वावरातून थेट रांगेत आल्या होत्या, पायांना माती तशीच. माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. पुढे अक्का होती. दुकानदार सवयीनं म्हणाला, "साखर संपली."

अक्का भिंतीवरच्या फळ्याकडे वळली, जिथे शिल्लक मालाची नोंद असते. बोट लावायला फळा उंच होता. नुसत्या डोळ्यांनी, ओठ हलवत, तिनं ती ओळ पुरी केली. मागची रांग थांबून राहिली.

"साखर शे," ती म्हणाली. "आठे लिखेल शे. काढ."

दुकानदार आत गेला आणि पोतं ओढून आणलं.