माझा मारवाडी, शेठचा शेतकरी

सोनगीरच्या जत्रेतल्या नाटकात मारवाडी शेठचं काम दरवर्षी माझंच. पोटाला उशी बांधून मी "हां सा, हां सा" करत आलो की गाव हसून लोळायचं! एकदा पगडी मागायला खऱ्याखुऱ्या मारवाडी शेठच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "पगडी ने भाऊ, पण शेतकऱ्याचं काम मी करणार."

प्रयोगात शेठ आला तो गुडघ्यावर धोतर, खांद्यावर घोंगडी आणि चाल हुबेहूब आमच्या म्हाताऱ्या आबांची! ऐसपैस बसून म्हणाला, "आज ऱ्हाऊ दे भाऊ, सकाय देखसूत." काम उद्यावर ढकलण्यात आबांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, आणि आबा पहिल्याच रांगेत! सगळ्या माना आबांकडे वळल्या. आबा रागावून गेले असते तर नाटक तिथंच बुडालं असतं.

आबा उठलेच. "अरे, हाऊ ते बठ्ठा मन्हासारखा शे!" म्हणत, स्वतःचीच नक्कल ओळखून खदाखदा हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आते तू बी जरा शेठसारखा कर ना!"

शेजारी शेठ उभा, काडीसारखा बारीक, अहिराणी बोलणारा. त्याच्यासारखं करायचं म्हणजे काय, मला सुचेचना! शेवटी तोच कानाशी लागून, तो दुकानात रोज बोलतो तसं एकेक वाक्य मला सांगू लागला.