मोरीवरची बाई

हे मी बायकोपाशीसुद्धा कधी बोललो नाही. ती गेली, बिचारी, माझ्याबद्दल चांगलंच मत घेऊन गेली. देवापुढे बसतो रोज, पण तिथेही या गोष्टीवरून पुढे सरकतो — त्याने पाहिलंच असेल, त्याला काय सांगायचं? तुम्हाला सांगतो. तुम्ही ओळखीचे नाही, तेच बरं आहे.

मी ड्रायव्हर. साठच्या दशकात तारापूरला मोठं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरच्या ज्या रस्त्यावर बैलगाड्या चालायच्या, तिथे खडी-सिमेंटचे ट्रक धावायला लागले. त्यातला एक माझा. म्हणजे ट्रक शेठचा, मिजास माझी.

आमच्याकडची थंडी ती काय, देशावरचे लोक हसतील. पण पौषातल्या पहाटे खाडीवरून, मिठागरांवरून जे धुकं यायचं ना — आपलंच बोनेट दिसायचं नाही. आमच्या वस्तादाने धुक्याचं सगळं नीट शिकवलं होतं. मोठा दिवा लावायचा नाही, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. काच खाली, कान बाहेर. गिअर खालचा. रस्ता दंवाने ओला असतो, तेव्हा ब्रेक एकदम दाबायचा नाही, हलके हलके दाबत जायचं. मला हे सगळं पाठ होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

घिवलीच्या वाटेवर एक मोरी होती, ओढ्यावरचा बुटका पूल. अरुंद इतका की ट्रक आणि माणूस एका वेळी मावायचे नाहीत. त्या मोरीवरून पहाटे काशीमाय यायची, घिवलीची, सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला निघालेली. डोक्यावर टोपली आणि दंव लागू नये म्हणून अंगभर गुंडाळलेलं पांढरं धोतर. आम्ही मोरीच्या अलीकडे ट्रक थांबवायचो. ती ओलांडून यायची आणि जाता जाता मडगार्डवर चापट मारायची — मी आले, आता तू जा. धुक्यात ती चापट ऐकल्याशिवाय कुणी गाडी हलवायचं नाही. हॉर्न वाजवला तर वर दोन शिव्याही मिळायच्या. मला आवडायची म्हातारी.

आता — खरं बोलायला हवं. एका पहाटे मी ट्रक ओढ्याकाठच्या शेतात घातला. का? दुसऱ्या ट्रकाच्या पुढे जायची पैज लागली होती. मोठा दिवा लावलेला, थंडी वाजते म्हणून काच वर, आणि पाय ॲक्सिलरेटरवर. मोरीआधीचं वळण मला दिसलंच नाही. ॲक्सल तुटला, खडी सांडली. शेठ येईपर्यंत मी कडेला बसून होतो. आता नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेठ आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं — बाई उभी होती. मोरीवर. पांढरी. तिला वाचवायला वळवली गाडी, आणि बघतो तर रस्ता रिकामा.

शेठ पांढराफटक पडला. त्याने मोरीवर नारळ फोडला आणि माझी नोकरी राहिली. इथेच गप्प बसायला काय झालं होतं मला?

पण मी पडलो बोलका. बोईसरच्या चहाच्या टपरीवर सगळे ड्रायव्हर जमायचे आणि मी रोज थोडं थोडं वाढवत जायचो. पाय उलटे. तोंड दिसत नाही. अंगभर पांढरं गुंडाळलेलं, डोक्यावर काहीतरी उंच. हे कुठून आणलं? जे रोज बघत होतो तेच जिभेवर आलं. आपण कुणाला रंगवतोय, याचा विचार मी केला नाही. खरंच केला नाही? आज मला तेही नक्की सांगता येत नाही.

मग एकाने विचारलं, समजा दिसली, तर काय करायचं? सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते किती गोड लागतं म्हणून सांगू? मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, ब्रेक मारायचा नाही. थांबलात की ती शेजारी येऊन बसते. सरळ अंगावर घालायची गाडी. नुसता धूर असतो, आरपार जाते.

त्या हिवाळ्यात इतरांनाही ती दिसायला लागली. देवाची शपथ घेऊन सांगायचे — धुक्यातून पांढरं काहीतरी सरकत येतं, आपण गाडी दामटतो, आणि मागे बघावं तर कुणी नाही. ऐकून माझ्याही अंगावर काटा यायचा. मीच रचलेलं, तरी मोरी जवळ आली की मानेवर कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटायचं. मी देवाचं नाव घेत पार व्हायचो. आपल्याच खोट्याला माणूस इतका कसा भितो?

एक दिवस काशीमायने मला भर बाजारात धरलं. "आदी थांबायचे रे तुमी," म्हणाली. "आता मला बगून गाडी पळवता. काल ओढ्यात उडी मारली मी. मी काय केलंय तुमचं?"

तेव्हा मला सगळं कळलं. टपरी समोरच होती, भरलेली. तिथे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की बाई-बिई काही नव्हती, मी खोटं बोललो. मी काशीमायला म्हणालो, "सांगतो त्यांना." आणि सांगितलं नाही. लोक हसतील म्हणून. शेठच्या कानावर जाईल म्हणून. आज नको, उद्या सांगू म्हणून.

शिरगावचा दामू आमच्यातला सगळ्यात सरळ माणूस. एका सकाळी, अजून धुकं होतं, तो टपरीवर आला आणि मला बाजूला घेऊन गेला.

"तू बोललेलास तसंच केलं," म्हणाला. "बिरेक नाय मारला." मग मागे मोरीच्या दिशेने बघितलं. "पन आवाज झाला रे."

मी म्हणालो, फांदी असेल. त्या मोरीवर झाड नाही. त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, घरी जा, कुणाला बोलू नको. आणि स्वतः दुसरा चहा सांगितला. दोघांपैकी कुणीच मोरीकडे गेलं नाही.

उन्हं आल्यावर लोकांना काशीमाय सापडली. कठड्यापर्यंत सरपटत आली होती, म्हणजे बराच वेळ जिवंत असावी, असं म्हणाले. मी फांदी म्हणत होतो तेव्हा — हो. तेव्हा.

कुणावर संशय आला नाही. मोरीवरच्या बाईने नेली, असं सगळे म्हणाले, आणि मी मान हलवली. दामूने गाडी सोडली. माझ्याकडे त्याने पुन्हा कधी मान वर करून बघितलं नाही.

महिन्याभराने काशीमायची लेक मला शोधत आली. आता टोपली तिच्या डोक्यावर होती. "तुमाला दिसते ना ती मोरीवरची?" तिने विचारलं. "लोक बोलतात, आता तिच्यासंगं आमची आय पन दिसेल. दिसली तर सांगा, पोरं बरी हायत. घर शाकारून झालं. तिने आता मागं बगू नये."

मी म्हणालो, सांगतो.

पुढच्या हिवाळ्यात ती परत आली. "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय बोलली?"

"बरं वाटलं म्हणाली."

तिने पदराने डोळे पुसले. टोपली उतरवून सुक्या बोंबलांची एक जुडी काढली आणि माझ्या हातात दिली. मी घेतली. घरी आणली, बायकोने बोंबील चुलीत भाजले, आणि मी पोटभर जेवलो.