आण्णा पिक्चर सांगायचे

सटाण्याच्या स्टँडवर नाशिकची एसटी लागली, तेव्हा आण्णांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तठे इंग्रजी चांगली शिक. मंग पिक्चर तू सांगजो." अकरावीला निघालेल्या पोराला बाप निरोपाला काय सांगतो? अभ्यास कर, वेळेवर जेव. माझ्या बापाला पिक्चरची पडलेली. शेजारच्या सीटवरच्यांनी ती अहिराणी ऐकली असेल, या विचाराने मी मान फिरवून घेतली. त्यामुळे आण्णांनी हात हलवला की नाही, तेही मला ठाऊक नाही.

आण्णा आमच्या गावचे पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी पाटातून कुणाच्या वावरात कधी सोडायचं, ते बघायचं त्यांचं काम. प्रत्येकाची पाळी ठरलेली. वरच्याने लबाडी केली की खालच्याचं पीक वाळायचं, आणि गोष्ट फावड्यांवर जायच्या आत आण्णांनी ती मिटवायची. कोण खोटं बोलतंय हे ते तोंडाकडे बघून सांगायचे. शाळा मात्र चौथीपर्यंत.

गावात केबल आली आणि रविवारी दुपारी एका चॅनेलवर काऊबॉयचे जुने पिक्चर लागायला लागले. आमच्या ओसरीत अर्धी गल्ली जमायची. आई शेंगा भाजून आणायची. पडद्यावर घोडा धुरळा उडवत अंगावर आला की पुढचे लोक खरोखर पाय आवरून घ्यायचे. इंग्रजी कुणाच्या बापाला येत नव्हतं, माझ्याही नाही. पण आण्णा टीव्हीशेजारी बसून अख्खा पिक्चर अहिराणीत सांगायचे. कमरेला पिस्तूल लावलेला शेरीफ म्हणजे त्यांच्या भाषेत पोलीस पाटील. "देख, हाऊ वरला माणूस खोटा शे. आते भांडण व्हई." आणि व्हायचंच! शेजारच्या तुळसामावशी तर पदराने डोळे पुसायच्या. त्या रविवारांची सर मला पुढे कुठल्या मल्टिप्लेक्सला आली नाही.

पहिल्या दिवाळीला मी घरी आलो तो दीड शहाणा होऊन. चार महिन्यांत माझं 'नही' गेलं होतं आणि 'नाहीये' आलं होतं. ओसरी भरलेली. पडद्यावर एक म्हातारा पाण्याच्या कोरड्या चारीत गुडघे टेकून माती हातात घेत होता. आण्णा सांगत होते, "वरलानी याना पाळीनं पाणी चोरी लिधं."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आण्णा, असं काही नाहीये. ते सोन्याच्या खाणीवरून भांडतायत. येत नाही तर सांगता कशाला?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "पाटकरीले सगळीकडे पाणीच दिसस!"

आण्णाही हसले. "बरं भाऊ, तू सांग," म्हणाले आणि उठून मागे दाराशी जाऊन बसले.

मी सांगितलं. आता कबूल करतो, त्या अमेरिकन बोलण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. खाण मी माझ्या मनाने खणली होती. तुळसामावशींनी विचारलं, "मंग तो म्हातारा रडी का राहिना?" मी म्हणालो, सोनं सापडत नाही म्हणून. त्यांनी मान डोलावली, पण पदर काही डोळ्यांना लागला नाही.

त्यानंतर आण्णांनी पिक्चर कधी सांगितला नाही. लोकही हळूहळू यायचे थांबले. मी नाशकात शिकलो, सातपूरला नोकरीला लागलो, फ्लॅट घेतला. घर नव्वद किलोमीटरवर, पण सणावारालाच जाणं व्हायचं. गाव सोडून आलेल्यांनो, ट्रॅफिकचं कारण तुम्हीही दिलं असेलच.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी टीव्हीवर काहीबाही शोधताना तो पिक्चर सापडला. कोरड्या चारीतला म्हातारा मी लगेच ओळखला. सबटायटल लावले. वरच्या मळेवाल्याने ओढा अडवला होता आणि खालच्याला पाणी सोडत नव्हता. शेवटपर्यंत तेच भांडण. सोन्याचा एक कण नाही. आण्णांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी माती हातात घेतलेला माणूस बघून त्यांना सगळं कळलं होतं. मुलीने विचारलं, "बाबा, काय झालं? रडताय का?" इतकी लाज मला कशाची वाटली नव्हती.

दुसऱ्या रविवारी लॅपटॉप घेऊन गावी गेलो. आण्णांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. खाटेशी बसलो आणि म्हणालो, "आण्णा, त्या पिक्चरमध्ये पाण्याचंच भांडण होतं. तुमचं बरोबर होतं."

"माले माहीत व्हतं," आण्णा म्हणाले.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू शिकीसन आल्था. चार लोकंसमोर पहिलांदा बोलना. मी तुन्हा शब्द खाले कसा पाडू?"

ज्या जागेने माझं खोटं इतकी वर्षं माझ्यासाठी सांभाळलं, तिला मी नातेवाइकांचं गाव म्हणायला लागलो होतो. माझं घर तेच होतं.

मी लॅपटॉप उघडला. म्हातारा चारीत गुडघे टेकून बसला. आण्णांनी कान पुढे केला आणि म्हणाले, "सांग. आते तूच सांग."

"हाऊ... हाऊ खालचा माणूस..." मी सुरुवात केली आणि अडलो. पुढचे शब्द सगळे नाशिकचेच येत होते. आण्णांनी मला दुरुस्त केलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "मंग? फुडे काय व्हयनं?"