आधी लिही, मग कर

भाऊ दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नसत. कितीही आग लागलेली असो, हात मागे बांधून ते खुर्चीमागे उभे राहत आणि खुर्चीत बसलेल्याचीच बोटं चुकू लागत.

नागपूरच्या आमच्या छोट्या कंपनीत त्यांचं काम टेस्टिंगचं. म्हणजे असा प्रोग्राम लिहायचा, जो स्वतःच ब्राउझर उघडतो, माणसासारखी बटणं दाबतो आणि वेबसाइट कुठे अडते ते सांगतो. पण त्याआधी मशीनवर काय काय बसवायचं, याची भाऊंची एक जाड वही होती. प्रत्येक पायरी हातानं लिहिलेली. "वहीत नाही ते झालंच नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. कंप्युटरच्या कंपनीत वही! आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो.

मी भिवापूरची, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. नोकरी पक्की होणार की नाही, ते एका सकाळी ठरणार होतं. ग्राहकाची माणसं येणार, त्यांच्या कोऱ्या लॅपटॉपवर मी वहीत बघून सगळं बसवायचं आणि बारापर्यंत टेस्ट चालली पाहिजे.

साडेअकराला ब्राउझर उघडेचना. स्क्रीनवर लाल ओळी. मला कारण माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या मशीनवर ब्राउझर अपडेट झाला आणि त्याला चालवणारा ड्रायव्हर जुना पडला. मी नवा डाउनलोड करून बसवला, पण वहीत लिहायचा कंटाळा केला. तिथे जुन्याचाच नंबर राहिला.

"वहीबाहेर काही केलं होतं काय वं?" भाऊंनी विचारलं. शेजारी आमचे साहेब उभे. मी नाही म्हणाले. साफ खोटं.

उगाच सगळं पुन्हा बसवलं. पुन्हा लाल. गुपचूप ड्रायव्हर बदलावा तर सगळ्यांचे डोळे माझ्या बोटांवर. बाराला दहा मिनिटं कमी असताना मी वळले आणि साहेबांसमोरच सांगून टाकलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. मी घाईनं माउस धरला, तर भाऊंनी वही पुढे केली.

"आधी लिही. मग कर."

"भाऊ, दहाच मिनिटं राहिली."

"म्हणूनच म्हणून राहिलो."

बाप्पा, काय राग आला मला त्या माणसाचा! घाईघाईनं लिहिलं, मग लिहिलेलं वाचून केलं. बाराला दोन कमी असताना ब्राउझर आपला आपण उघडला आणि ओळी हिरव्या झाल्या. नोकरी पक्की झाली. साहेब मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

यंदा भाऊ निवृत्त होऊन पारशिवनीला गेले. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली, सांभाळ एवढंच म्हणाले. परवा नवं मशीन आलं, तेव्हा ती उघडली. माझ्या त्या वेड्यावाकड्या ओळीखाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे हिनं स्वतः सांगितलं." आधी ते तिथे नव्हतं, जायच्या दिवशीच लिहिलं असणार. अख्ख्या वहीत पायरी नसलेली तेवढी एकच ओळ आहे.

मला तिथेच रडू आलं. मग डोळे पुसले आणि पहिल्या पायरीपासून वाचायला घेतलं.